भोंग्याचा परवाना आणि चिपळ्यांचा गुन्हा

पहाटे पाचला चिपळ्या वाजवत गल्लीत शिरणारा वासुदेव केंद्र सरकारच्या एका नियमाचा भंग करत असतो. 'ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २०००' हे पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे नियम. त्यांत रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. मूळ नियमात रात्री फक्त ध्वनिक्षेपकाला बंदी होती. ११ जानेवारी २०१० च्या दुरुस्तीने त्या वाक्यात 'ध्वनी निर्माण करणारे कोणतेही साधन' आणि 'वाद्य' हे शब्द आले. बंद सभागृहातला वापर आणि सार्वजनिक आणीबाणी एवढेच अपवाद राहिले. टाळ हे वाद्य आहे, चिपळ्याही वाद्य आहेत आणि पहाटेचे पाच म्हणजे कायद्याची रात्र. वारीच्या वाटेवर सूर्योदयाआधी निघालेल्या दिंडीचे टाळ-मृदंगही अक्षरशः वाचलं तर याच वाक्यात सापडतात.

वासुदेवावर या कलमाखाली कुणी कारवाई करत नाही, हे खरं. पण नियम कुणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला आणि कुणाचा विचार करायचा राहून गेला, ते इथे दिसतं. याच नियमांत राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री दहा ते बारा ध्वनिक्षेपक वाजवायची सवलत देता येते. गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या, ३१ डिसेंबर अशा दिवसांची यादी दरवर्षी जाहीर होते. ही सवलत मध्यरात्रीपर्यंतची आहे, पहाटेची नाही. ती शब्दशः ध्वनिक्षेपकांना आणि तशाच यंत्रणांना आहे. विजेवरच्या आवाजाची कायद्याने इतकी बारकाईने दखल घेतली आहे की त्याचे दिवस, तास, डेसिबल सगळं ठरलेलं आहे. रस्त्यावर हाताने वाद्य वाजवणाऱ्याची दखल मात्र तीनच नावांनी घेतली जाते: अडथळा, उपद्रव किंवा भिकारी. महाराष्ट्रातल्या रस्त्यावरच्या संगीताचा सगळा पेच मला या असमान ओळखीत दिसतो.

आधी डेसिबल पाहू, कारण तिथेच सर्वांत जास्त गोंधळ आहे.

नियमांनी शहराचे चार भाग केले. दिवसाची मर्यादा औद्योगिक भागात ७५, व्यापारी भागात ६५, निवासी भागात ५५ आणि शांतता क्षेत्रात ५० डेसिबल. रात्रीची अनुक्रमे ७०, ५५, ४५ आणि ४०. या परिसरातल्या सरासरी आवाजाच्या मर्यादा आहेत. एखाद्या ठरावीक स्रोताला लागू होणारा आकडा वेगळा आहे. ज्या सार्वजनिक जागेत ध्वनिक्षेपक किंवा दुसरा कोणताही आवाजाचा स्रोत चालू आहे, तिच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा दहा डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे दिवसा निवासी भागात ६५ आणि व्यापारी भागात ७५. अनेक मंडळांचे कार्यकर्ते '७५ पर्यंत चालतं' असं सरसकट धरून चालतात. निवासी गल्लीत ते चुकीचं आहे.

आता एक माणूस, गळा आणि हार्मोनियम घ्या. मोकळा आवाज लावून गाणारा गायक एक मीटरवर साधारण ८० डेसिबल भरतो असं धरू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. दोन मीटरवर ७४, चारवर ६८, आठवर ६२. साडेपाच मीटरच्या थोडं पुढे तो ६५ च्या खाली येतो आणि अठरा मीटरच्या आत ५५ वर. आता त्याच गायकाच्या पायाशी चाकांचा बॅटरी स्पीकर ठेवा, एक मीटरवर १०० डेसिबल देणारा. तो ६५ वर यायला ५६ मीटर लागतात. शिवाय हे गणित मोकळ्या मैदानाचं आहे. दोन्ही बाजूंना चार-पाच मजली इमारती असलेल्या गल्लीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि अंतराबरोबर इतक्या वेगाने उतरत नाही.

'हद्द' या शब्दात मोठी अडचण आहे. मैदानाला कुंपण असतं, त्यामुळे तिथली हद्द सांगता येते. पण फुटपाथवर उभ्या माणसाची हद्द कोणती? सरळ अर्थ घेतला तर मागच्या सोसायटीची कंपाउंडची भिंत. वादक भिंतीला पाठ लावून उभा राहिला, तर हद्द दोन मीटरही दूर नाही. स्पीकर नसला तरी तिथे त्याचा आवाज ७४ भरतो आणि निवासी भागाचा ६५ चा आकडा तो पहिल्याच ओळीत ओलांडतो. म्हणून रस्त्यावर वाजवणाऱ्याने पहिली गोष्ट शिकायची ती उभं राहण्याची जागा. निवासी इमारतीच्या भिंतीपासून निदान सहा मीटर दूर, तोंड मोकळ्या बाजूला, आणि पाठीमागे कुणाच्या बाल्कन्या नसलेली भिंत: बागेची, पुलाच्या खांबाची, बंद दुकानाची. कोपऱ्यात उभं राहू नये. दोन भिंतींच्या कोपऱ्यातून आवाज वाढून बाहेर पडतो आणि तो वादकाला स्वतःला कळतही नाही.

मोजणाऱ्याच्या बाजूनेही चुका होतात. शहरातल्या मोठ्या रस्त्याची रहदारीच ७२ डेसिबल असेल आणि वादन चालू असताना आवाज मोजणारा मीटर ७५ दाखवत असेल, तर वादकाचा आवाज ७५ नसतो. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत. दोन सारखे स्रोत एकत्र आले की आकडा तीनने वाढतो. म्हणजे इथे वादकाचा वाटा ७२, रहदारीइतकाच. वाजवणं थांबवून पार्श्वभूमीचा आवाज वेगळा मोजल्याशिवाय त्याच्यावर ७५ चा ठपका ठेवता येत नाही. दोन मोजमापांतला फरक तीन डेसिबलपेक्षा कमी असेल तर स्रोताचा आकडा भरवशाचाच राहत नाही. फरक दहाच्या वर असेल तर पार्श्वभूमी विसरली तरी चालते. मीटर कोणत्या वर्गाचा, त्याचं प्रमाणीकरण कधी झालं, वापरण्याआधी ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरवर (नेमका ठरलेला आवाज देणाऱ्या तपासणी-यंत्रावर) तो तपासला का, स्रोतापासून किती मीटरवर धरला, किती मिनिटांची सरासरी घेतली, हे पंचनाम्यात नसेल तर तो आकडा कोर्टात टिकवणं कठीण जातं. मोबाइलमधलं ॲप अंदाजासाठी ठीक आहे. फोनचा माइक बोलणं टिपण्यासाठी असतो. मोठा आवाज तो स्वतःच दाबतो आणि वाऱ्याची फुंकर मोठी करून दाखवतो. त्याच्या स्क्रीनशॉटवर ना तक्रार उभी करावी, ना बचाव.

आणि आता ती गोष्ट, जिच्याबद्दल साउंडवाले सोडले तर फारसं कुणी बोलत नाही. नियमांतला डेसिबल हा 'ए' वजनाचा आहे. माणसाचा कान खालचे सूर कमी ऐकतो, म्हणून मीटरही ते सूर वजा करून मोजतो. ही वजाबाकी मोठी आहे. (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं; आकडा जितका लहान तितका सूर खालचा.) १२५ हर्ट्झला १६ डेसिबल, ६३ हर्ट्झला २६, ५० हर्ट्झला ३०. उलट दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे सनईचा आणि ताशाचा धारदार भाग असतो, तिथे मीटर एखादा डेसिबल वरून जोडतो. याचा अर्थ काय होतो? डीजेच्या स्पीकरच्या भिंतीतला बेस ६३ हर्ट्झला खरोखर १०० डेसिबल देत असेल, तर त्या एकट्या सुराचं मीटरवरचं मोल भरतं ७४. खिडक्यांच्या काचा थरथरतात, छातीत धडधडतं आणि कागदावर व्यापारी भागातली मर्यादा पाळलेली असते. शेजारी उभ्या सनईवाल्याचा मात्र प्रत्येक डेसिबल पुरता मोजला जातो, वर एकाची भर घालून.

ढोलाचा ठोका खालच्या पट्टीतला असल्याने तोही या चाळणीतून काहीसा निसटतो. ताशाची कडकड अजिबात निसटत नाही. उपाय ठाऊक आहे. त्याच मीटरवर 'सी' वजनाचं मोजमाप असतं. ते ६३ हर्ट्झला जेमतेम एक डेसिबल वजा करतं. दोन्ही आकडे एकत्र घ्यावेत. फरक पंधरा-वीसच्या वर गेला, तर तो बेसचा त्रास आहे आणि 'ए'चा आकडा तो झाकतो आहे. नियमांत 'सी'चा उल्लेख नाही. तो यावा असं मला मनापासून वाटतं. लोक मिरवणुकीच्या ज्या त्रासाबद्दल कळवळून तक्रार करतात, तो त्रास आणि कायदा मोजतो तो त्रास यांतलं अंतर बरंचसं इथे आहे.

संख्येवर मर्यादा घालण्याचा मार्गही एकदा वापरून पाहिला गेला. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने ३० ऑगस्ट २०२४ च्या आदेशात ढोल-ताशा-झांज पथकातल्या लोकांची संख्या तीसवर आणली. १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्देशाला स्थगिती दिली. पुण्यात त्यावर भावनेने भरपूर बोललं गेलं. गणित कमी झालं. शंभर ढोलांचे तीस केले तर आवाज किती उतरतो? पाच डेसिबल. तेवढंच काम पथक आणि इमारत यांतलं अंतर दुप्पट करून होतं, उलट एक डेसिबल जास्तच. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण दहा डेसिबलची घट लागते. तेव्हा शंभराचे तीस करून रहिवाशाला निम्मा दिलासाही मिळत नाही. गर्दी आणि मिरवणुकीची लांबी आवरायची असेल तर संख्येचं बंधन समजू शकतं. आवाज आवरायचा असेल तर अंतर, एका जागी थांबून वाजवण्याची वेळ आणि दवाखान्यासमोरची शांतता, या तीन गोष्टींनी जास्त फरक पडतो.

शांतता क्षेत्र म्हणजे रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयांभोवतालचा किमान शंभर मीटरचा परिसर. ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय कोणताही भाग आपोआप शांतता क्षेत्र ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रोखली होती, पण त्या आदेशाला काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. रस्त्यावर कला दाखवणाऱ्याने या क्षेत्राची यादी आधी पाहावी, कारण इथला सहावा नियम थेट त्याच्याबद्दल आहे. संगीत वाजवणं, ढोल बडवणं, कर्णा फुंकणं हे तर दंडनीय आहेच, पण गर्दी खेचणारा नकलांचा, संगीताचा किंवा दुसरा कोणताही खेळ करणंही दंडनीय आहे. तिथे डेसिबल मोजायची गरज राहत नाही. मीटर ४८ दाखवत असला तरी नियमभंग होतो. माझ्या मते हा नियम योग्य आहे. आयसीयूच्या खिडकीखाली संबळ किती हळू वाजतो याने काही फरक पडत नाही.

आता परवाना. ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि ती देणारं प्राधिकरण म्हणजे जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला नेमलेला अधिकारी. प्रत्यक्षात अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यात द्यावा लागतो. त्यात कार्यक्रमाचं स्वरूप, नेमकी जागा, तारीख, सुरू आणि बंद करायची वेळ, स्पीकर किती आणि कोणत्या दिशेला तोंड करून, जबाबदार व्यक्तीचं नाव आणि मोबाइल हे हवं. जागा महापालिकेची असेल तर प्रभाग कार्यालयाचं ना-हरकत पत्र, बाग असेल तर उद्यान विभागाचं, रस्ता अडणार असेल तर वाहतूक शाखेचं. मिरवणूक असेल तर मार्ग. अर्ज अडकण्याची नेहमीची कारणं दोनच: जागेच्या मालकाचं पत्र नसणं आणि बंद करायची वेळ 'रात्री १० पर्यंत' अशी मोघम लिहिणं. दहाला आवाज पूर्ण बंद हवा असेल तर पावणेदहा लिहावं. शेवटचं गाणं लांबतंच. अर्जाच्या दोन प्रती घेऊन जावं आणि आपल्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. परवाना नंतर मिळतो, पण अर्ज केल्याचा पुरावा हाच.

स्पीकर नसेल तर? मग ध्वनिनियमांनुसार दिवसा, शांतता क्षेत्राबाहेर, लेखी परवानगीची अट नाही. हे रस्त्यावर गाणाऱ्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतं आणि बीटवरच्या हवालदारांनाही फारसं नसतं. पण गोष्ट इथे संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खाली रस्त्यांवर आणि त्यांच्या आसपास वाद्य वाजवण्याबद्दल नियम करायचा अधिकार पोलीस आयुक्तांना आहे. कलम ३७ खाली ठरावीक दिवसांसाठी मनाई आदेश निघतात. कलम ३८ खाली एखाद्या जागेतलं गाणं-वाजवणं त्रासदायक ठरलं, तर ते थांबवण्याचा लेखी आदेश देता येतो. तेव्हा वाजवायला निघण्याआधी त्या आठवड्यात मनाई आदेश लागू आहे का, हे पाहून घ्यावं. मुंबईत असे आदेश वारंवार निघतात आणि त्यांत मिरवणुकीतले बँड, ध्वनिक्षेपक, फटाके यांचा उल्लेख असतो.

दुसरी बाजू महापालिकेची. मुंबई महापालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३१३ आणि ३१४ खाली रस्त्यावर ठेवलेली वस्तू पूर्वसूचना न देता उचलता येते. उघडून ठेवलेली वाद्याची पेटी, खुर्ची, स्टँड, बॅनर या सगळ्या वस्तूच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत पादचाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी धरली आहे आणि व्यापारी भागात त्याहून जास्त. वादक आणि त्याच्यासमोर जमलेले लोक धरून एवढी वाट मोकळी राहत असेल तरच ती जागा योग्य. आपण एकटे कमी जागा घेतो, पण समोर दहा माणसं अर्धवर्तुळात थांबली की तीन मीटरचा फुटपाथ भरतो आणि चालणारे रस्त्यावर उतरतात. तक्रार संगीताची नसते, इथूनच सुरू होते.

पथविक्रेता कायदा, २०१४ इथे उपयोगी पडेल असं अनेकांना वाटतं. त्याच्या व्याख्येत माल विकणाऱ्याबरोबर 'लोकांना सेवा देणारा'ही आहे. गाणं ही सेवा मानता येईल असा युक्तिवाद करता येतो, पण कायद्यात कलावंताचं नाव नाही, आणि शहर फेरीवाला समितीच्या सर्वेक्षणात तुणतुणं घेतलेल्या माणसासाठी रकाना नाही.

सगळ्यांत जड कायदा मात्र वेगळाच आहे. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. भीक मागणे म्हणजे काय, हे सांगताना त्याच्या कलम २ मध्ये सार्वजनिक ठिकाणी दान मागणं किंवा घेणं, मग ते गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करणं किंवा वस्तू विकणं अशा कोणत्याही निमित्ताने असो वा नसो, असं लिहिलं आहे. गाणं इथे 'निमित्त' आहे. पोलीस वॉरंटशिवाय ताब्यात घेऊ शकतात; न्यायदंडाधिकारी चौकशी करून माणसाला एक ते तीन वर्षांसाठी भिक्षेकरी गृहात पाठवू शकतात; पुन्हापुन्हा सापडल्यास ती मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी याच कायद्याची दिल्लीत लागू असलेली बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली. तो निकाल दिल्लीपुरता. रेल्वे कायद्यातही भिकेला मनाई आहे, पण २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तिच्यासाठीची शिक्षा काढून टाकली. म्हणजे लोकलच्या डब्यात गाऊन पैसे घेणाऱ्याला रेल्वे उतरवू शकते, आणि स्टेशनबाहेर तेच करणाऱ्याला राज्याचा कायदा वर्षभर डांबू शकतो.

काही जण सांगतात, हात पसरू नका, फक्त टोपी किंवा डबा समोर ठेवा. व्यवहारात याने फरक पडतो. बघणाऱ्याला ती मागणी वाटत नाही. कायद्यात नाही पडत, कारण व्याख्येत 'मागणं'बरोबर 'घेणं'ही आहे. खरा आधार त्याच व्याख्येच्या शेवटी आहे: कायद्याने किंवा विहित रीतीने अधिकृत केलेल्या कारणासाठी पैसे घेणं भिकेत मोडत नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल स्ट्रीट्स फॉर परफॉर्मिंग आर्ट्स या उपक्रमाने मुंबईतल्या स्थानकांवर आणि बागांत कलावंत आणले, तेव्हा परवानग्या संस्थेच्या नावावर होत्या आणि कलावंताला मानधन मिळत होतं. समोरच्या डब्यावर त्याचा रोजगार अवलंबून नव्हता. त्यामुळे तो प्रयोग चालला. संस्थेशिवायच्या माणसाला तो मार्ग बंद आहे.

हे माणूस म्हणून टोचतं ते एका कारणाने. याच राज्याचं सरकार वासुदेव, गोंधळी, नंदीवाले, चित्रकथी यांना भटक्या जमातींच्या यादीत नावाने ओळखतं आणि जातीचा दाखला देतं. सांस्कृतिक कार्य विभाग ज्येष्ठ कलावंतांना महिना पाच हजार रुपये मानधन देतो आणि त्यात लोककलावंत असतात. संबळ वाजवणारा एकच माणूस एका खात्याच्या फायलीत लोककलेचा वारस, दुसऱ्या खात्याच्या फायलीत आरक्षणाचा लाभार्थी, आणि फुटपाथवर बसला की तिसऱ्या कायद्यात भिकारी. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार केलं. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षुकी करत फिरणारी ही माणसं. त्यानंतर भटक्या कलावंतांना ओळखपत्र द्यायची मागणी जोराने पुढे आली. परवान्याची चर्चा शहरातल्या गिटार वाजवणाऱ्या तरुणापुरती ठेवली, तर तो परवाना ज्यांना सर्वांत जास्त हवा आहे तेच बाहेर राहतात.

बाहेरच्या शहरांत परवाने आहेत. लंडनच्या भुयारी रेल्वेत २००३ पासून आखून दिलेल्या जागांवर परवानाधारक वाजवतात. पॅरिसच्या मेट्रोत १९९७ पासून निवड होऊन बिल्ला मिळतो. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर विनास्पीकर गाणाऱ्याला परवानगी लागत नाही, स्पीकर लावला की पोलिसांकडून ध्वनियंत्राची परवानगी घ्यावी लागते. मला यातलं न्यूयॉर्कचं तत्त्व आपल्याकडे सर्वांत जवळचं वाटतं, कारण आपले ध्वनिनियम मुळात तेच सांगतात. निवड-चाचणीची पद्धत मात्र इथे आणू नये. पत्त्याचा पुरावा, ऑनलाइन अर्ज आणि तीन परीक्षकांसमोर दहा मिनिटं, या चाळणीतून पोतराज जाणार नाही. उलट परवाना नसलेला म्हणून त्याला उठवायला आणखी एक कारण मिळेल.

करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रभागाने दहा-बारा जागा आखाव्यात: बागेचं प्रवेशद्वार, स्टेशनबाहेरचा चौक, घाट, बाजाराचा रुंद भाग. प्रत्येक जागा निवासी भिंतीपासून सहा मीटर आणि शांतता क्षेत्रापासून शंभर मीटर लांब. एका माणसाला सलग एक तास, मग जागा सोडायची. दोन वादकांत पन्नास मीटर. एकच गाणं तासभर ऐकावं लागणाऱ्या दुकानदाराची तक्रार डेसिबलची नसते, पुनरावृत्तीची असते, म्हणून हा एक तास डेसिबलपेक्षा महत्त्वाचा. स्पीकर चालेल तिथे त्यावर लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीवर अडवणारं उपकरण, बसवून सील करावा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपकांत आवाज आपोआप मर्यादेत ठेवणारी यंत्रणा बसवण्याचा विचार करायला राज्याला सांगितलंच आहे. आणि भिक्षा कायद्यातल्या त्या 'अधिकृत' शब्दाचा आधार घेऊन या आखलेल्या जागांवर मिळालेले पैसे दान न मानता कलेचा मोबदला मानले जातील, असा आदेश काढावा. पत्त्याऐवजी जमातीचा दाखला किंवा ग्रामपंचायतीचं पत्र चालावं.

रहिवाशांच्या बाजूने एक सांगायला हवं. आजारी, लहान मूल, रात्रपाळी करून आलेला माणूस, परीक्षेचा विद्यार्थी, यांची शांतता हा हक्क आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात तो जगण्याच्या हक्काशी जोडला आहे. जानेवारी २०२५ च्या त्याच निकालात तक्रारदाराची ओळख पोलिसांनी विचारू नये आणि उघड करू नये, असं सांगितलं आहे. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा दंड, तिसऱ्यांदा जप्ती असा क्रमही दिला आहे. ११२ वर फोन करताना जागा, वेळ, स्रोत आणि स्पीकर आहे की नाही एवढं सांगावं. स्पीकर आहे का, या एका प्रश्नावर पुढची सगळी कारवाई ठरते आणि तोच नेमका विचारला जात नाही.

कॉपीराइटचा प्रश्न थोडक्यात. लग्नाच्या वरातीत वाजणारं गाणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधल्या सवलतीत बसतं, धार्मिक विधीतलंही. रस्त्यावर पैसे घेऊन गायलेलं चित्रपटगीत त्या सवलतीत येत नाही. तुकोबांचे अभंग मोकळे आहेत, मात्र त्यांना विसाव्या शतकात कुणी दिलेली चाल मोकळी असेलच असं नाही.

शेवटी, थांबवलं तर काय करावं. वाद न घालता वाजवणं लगेच थांबवावं. पोलीस अधिनियमाखाली वाजवी सूचना पाळणं बंधनकारक आहे आणि न पाळणं हाच नवा गुन्हा होतो. मग शांतपणे विचारावं: कोणतं कलम, मनाई आदेशाचा क्रमांक काय, ही जागा अधिसूचित शांतता क्षेत्रात आहे का, मोजमाप झालं असेल तर आकडा आणि पार्श्वभूमीचा आकडा किती. उत्तरं लिहून घ्यावीत. वाद्य जप्त झालं तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागावी आणि त्यात वाद्याचं वर्णन नीट येईल हे पाहावं: ढोलकी, लाकूड कोणतं, दोन्ही पुड्यांची (चामड्याच्या तोंडांची) अवस्था, कड्या किंवा दोरी, स्पीकर असल्यास मेक आणि सिरियल नंबर. 'एक ढोलकी' एवढंच लिहिलं तर परत मिळताना फुटलेली पुडी कुणाच्या माथी मारणार? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली, आणि खटला सुरू असेल तर कलम ४९७ खाली, मुद्देमाल ताब्यात मिळावा असा अर्ज त्या हद्दीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. सोबत वाद्य आपलंच असल्याचा पुरावा, म्हणजे खरेदीची पावती, नसेल तर कारागिराचं पत्र किंवा वाद्यासह जुने फोटो, आणि उपजीविका त्यावरच आहे हे सांगणारं प्रतिज्ञापत्र जोडावं. न्यायालय साधारण बंधपत्र घेऊन सुपुर्दनाम्यावर, म्हणजे निकालापर्यंत सांभाळण्याच्या अटीवर, वाद्य देतं. अर्ज पावसाळ्यात करायचा असेल तर त्यात चामड्याचा उल्लेख जरूर करावा: दमट मुद्देमाल खोलीत पुडी सैल पडते, बुरशी धरते आणि शाई सुटते, म्हणून निकालापर्यंत थांबल्यास वस्तूच नष्ट होईल.